भावजींचे पाच शब्द

माझ्या धाकट्या दिरांचा डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आहे. नऊ वर्षं देशाकडून रग्बी खेळले. जागा पहिल्या रांगेत, जिथे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात त्याच्या ऐन मधोमध. सासूबाई म्हणायच्या, "मेल्याला एकच डोकं मिळालंय, तेही ढाल म्हणून वापरतो!"

मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी एकवीस वर्षांचे होते आणि माझी पदवीची शेवटची परीक्षा राहिली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आमचं दोघांचं पाठांतर चाले. माझं इतिहासाचं, त्यांचं पाच शब्दांचं. मैदानात डोक्याला मार बसला की संघाचे डॉक्टर पाच शब्द सांगत आणि पाच मिनिटांनी तेच विचारत. आठवले नाहीत, तर खेळाडू बाहेर. पण डॉक्टर पडले आळशी. यादी वर्षानुवर्षं एकच. दिवा, शिडी, लिंबू, कात्री, घोडा. सगळ्या संघानं ती घोकून ठेवली होती.

"घ्या वहिनी म्हणून," भावजी म्हणायचे. मी वाटाणे सोलता सोलता म्हणून घ्यायची. एक शब्द चुकला की एक वाटाणा त्यांच्या कपाळावर. हसून हसून पोट दुखायचं. त्या पाच शब्दांच्या जोरावर, डोळ्यांपुढे अंधारी असताना ते किती वेळा परत मैदानात शिरले, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही.

आता ते अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. मुलींच्या संघाचे प्रशिक्षक. लग्न केलं नाही. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. संघ हाच त्यांचा संसार. गेल्या वर्षापासून मात्र त्यांची शिट्टी फ्रिजमध्ये सापडायला लागली. चहाचा कप संपेपर्यंत एकच प्रश्न तीनदा येऊ लागला. आमच्या ह्यांनी एकदा म्हटलं, "डॉक्टरांना दाखवून तरी ये."

"दादा, तू चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोस. तुला नेलं का कुणी डॉक्टरांकडे?"

झालं, हसण्यावारी गेलं. पण त्यांची भीती मला कळत होती. डोक्यातला बिघाड एकदा कागदावर आला की संघ गेला.

उपांत्य सामन्याला मी संत्र्यांच्या फोडींचा डबा घेऊन गेले होते. उत्तरार्धात कप्तान मुलगी कुणाच्या तरी गुडघ्यावर डोकं आपटून पडली. लहानखुरी, चपळ पोर. सगळे तिला खार म्हणतात. डॉक्टर दुसऱ्या मुलीला घेऊन इस्पितळात गेलेले. म्हणून भावजींनीच खारीला बाकावर बसवलं, खिशातल्या गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून पाच शब्द वाचले आणि कार्ड गठ्ठ्यात परत टाकलं. हल्ली अशी सहा कार्डं असतात, दर वेळी वेगळं. सहाही घोकली तरी आत्ता कुठलं वाचलं ते आठवावंच लागतं.

पाच मिनिटांनी खारीनं धडाधड पाच शब्द सांगितले. "जाऊ, सर?"

भावजींनी गठ्ठा काढला, कार्डं उलटसुलट केली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर होते, गोंगाटात त्यांनी काय वाचलं ते मलाही ऐकू आलं नव्हतं.

"सर, वेळ जातोय!"

"बसून राहा तू."

"का? चुकलं का माझं?"

"माहीत नाही." मग सगळ्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस की चूक, मला कळलं नाही. मी काय वाचलं तेच मला आठवत नाहीये. म्हणून तू बाहेर."

सामना दोन गुणांनी गेला. खारीचे वडील कुंपणापलीकडून ओरडत होते, "माझ्या पोरीचं वर्ष मातीत घातलंत!" भावजी मान खाली घालून पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले. घरी जाताना गाडीत खार दोनदा ओकली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर भावजी संघाच्या कार्यालयात जाऊन शिट्टी आणि किल्ल्या देऊन आले होते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बाहेरच्या बाकड्यावर बसलो असताना माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "भावजी, आजचा वार, तारीख, एकदा म्हणून बघता का?"

त्यांनी हात वर केला. "वहिनी, या वेळी पाठ करून घेऊ नका."

आत डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले. मग झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, रक्तदाब बघितला. शेवटी म्हणाल्या, "हं, सांगा आता."

"खिडकी," भावजी म्हणाले. "दोरी." मग थांबले. तळहात मांडीवर घासू लागले.

"घोडा?" आणि स्वतःच मान हलवली. "नाही. घोडा जुना."

मला पाचही येत होते. मी ओठ घट्ट मिटून बसले.