बंद कंपनीची दुपारपाळी

कंपनी बंद पडून वर्ष उलटल्यावर मालकांच्या मुंबईच्या ऑफिसातून मला फोन आला. "मॅडम, रोह्याच्या प्लँटचा हजेरीचा सर्व्हर अजून चालूच आहे. तिथे आता कोणी नाही. काढून टाका तो." मी म्हटलं, आजच काढते.

पेणला माहेरच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून मी हेच काम करते. आसपासच्या छोट्या कंपन्या, एक-दोन शाळा, एक दवाखाना, यांचे सर्व्हर माझ्याकडे असतात. माझ्याकडे म्हणजे फक्त म्हणायला. ते भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या इमारतीत असतात आणि त्यातला एकही मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मला दिसतं ते स्क्रीनवरचं एक पान, कंट्रोल पॅनल. प्रत्येक सर्व्हरपुढे एक ठिपका. हिरवा असला तर चालू, करडा असला तर बंद. बाजूला चालू-बंद करायची आणि कायमचं काढून टाकायची बटणं. खाली एक रेघ, सर्व्हर किती राबतोय ते दाखवणारी.

त्या दिवशी मी रोह्याचं पान उघडलं. कोणी वापरत नसलेल्या सर्व्हरची रेघ सपाट असते. ही नव्हती. रोज दुपारी ती जराशी वर उठत होती, खाली बसत होती आणि रात्री पाळी सुटायच्या वेळेला पुन्हा उठत होती. मागचे आठवडे काढून पाहिले, तरी तेच. शुक्रवारी मात्र दिवसभर काही नाही. त्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची.

आधी वाटलं, कोणी तरी बाहेरून घुसलंय. शोधलं तर तसं काही नव्हतं. गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनकडून हजेरी येत होती, एवढंच. ते मशीन कंपनी चालू असताना मीच इथे बसून जोडून दिलं होतं. कंत्राटी कामगारांचे नंबर एकामागून एक येत होते, दुपारपाळीला हजर.

मी ऑफिसात फोन लावला. तिकडचा माणूस हसला. "कोण लावणार हजेरी? कुलूप आहे गेटला. एक वॉचमन आहे फक्त, आणि त्याच्यापुरती चालू ठेवलेली लाइट."

मी सर्व्हर बंद करून पाहिला. ठिपका करडा झाला. दुसऱ्या दिवशी चालू केला, तर कालची सगळी हजेरी एकदम आत आली, दाराशी ताटकळलेली माणसं दार उघडल्यावर आत येतात तशी. मी उठून खाली गेले. खाली भावाचा गणपतींचा कारखाना आहे. कारागीर जेवायला गेले होते आणि डोळे न आखलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. तिथेही मला थांबवेना.

मग मी रोह्याला जायचं ठरवलं. माघातलं ऊन होतं. कासू स्टेशनच्या पुढे गाडीतून दिसणारी शेतं सुकून पिवळी पडली होती. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने कंपनीचं नाव ऐकून दोनदा विचारलं, "बंद आहे ती, माहीत आहे ना?"

पुढच्या गेटवर वॉचमन खुर्चीत बसला होता. मी काम सांगितलं तर म्हणाला, "इथं कोण येणार? कुत्रं बी फिरकत नाय."

दुपारपाळीची वेळ झाली होती. मी मोबाइलवर पॅनल उघडून उभी राहिले. समोर कुलूपबंद गेट, आत गंजलेल्या टाक्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि माझ्या हातातली रेघ वर चढायला लागली. मी फोन वॉचमनपुढे धरला. "आत्ता, या क्षणी लोक कामावर येतायत, असं दिसतंय."

त्याने स्क्रीनकडे बघितलं, गेटकडे बघितलं. "मी तर हितंच बसलोय," तो म्हणाला. मग, "मागं एक गेट हाय नदीकडनं. कंत्राटी बायांचं. पण तिकडं सगळं रान माजलंय." तो खुर्चीतून उठला नाही.

मी भिंतीच्या कडेने निघाले. गवत डोक्याएवढं होतं. त्यातून एक पायवाट गेली होती, चांगली मळलेली. वळणावर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. बाईचा, गोड, परका आवाज. "थँक यू." जरा थांबून पुन्हा, "थँक यू." बाकी माणसाचा आवाज नाही. त्या रानात कोणी तरी कोणाचे तरी पुन्हा पुन्हा आभार मानत होतं. परत फिरावं असं मला मनापासून वाटलं.

वळण घेतलं तर बाया रांगेत उभ्या होत्या. डोक्याला कंपनीच्या जाळीच्या टोप्या. एकेक पुढे होई, खांबावरच्या मशीनला अंगठा लावी, मशीन "थँक यू" म्हणे, आणि ती बाजूला होई. कोणी बोलत नव्हतं. गेटला कुलूप होतं आणि त्याच्यावरून वेल गेला होता.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. सगळ्यांत वयस्क होती तिने विचारलं, "हापिसातली काय गो तू?"

"नाही. पेणची. या मशीनची हजेरी जिथे जमा होते ते मी बघते."

"मग आमची लागते ना रोज?"

"लागते."

"मग झालं."

त्या नदीकाठच्या वाडीतल्या होत्या. सकाळी मिळेल त्या मजुरीला जायच्या आणि दुपारी इथे यायच्या, रात्री पाळी सुटायच्या वेळेला पुन्हा. कंपनी बंद झाली त्या दिवशी मुकादमाने सांगितलं होतं, ज्याची हजेरी तुटली त्याला परत घेणार नाहीत. मुकादम त्यानंतर दिसला नव्हता, फोनही लागत नव्हता.

"पण कंपनी बंद आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय गो आमाला," म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात रांगेतली शेवटची, तिशीच्या आतली बाई, मशीनपुढे गेली. तिने उजवा अंगठा लावला. "थँक यू." मग डावा लावला. "थँक यू."

"दोनदा का?" मी विचारलं.

"एक माझी. एक आईची."

"आई कुठे आहे?"

"वारली. पावसात."

म्हातारीने समजावलं. त्यांची बोटं केमिकलने झिजलेली. मशीन लावलं तेव्हा हिच्या आईचा अंगठा काही केल्या उठेना. अंगठे नोंदवून घेणाऱ्या हापिसातल्या बाबूने कंटाळून आईच्या नंबरावर लेकीचा डावा अंगठा घेतला. "आमच्यासाठी गेली ती. मशीनला हाय अजून."

मी मोबाइलवर पाहिलं. तो नंबर होता. हजर.

मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. हा सर्व्हर काढून टाकायला मला सांगितलंय. मशीन बोलत राहील, पण पलीकडे हजेरी घ्यायला कोणी नसेल.

"परत घेनार नायत, असंच ना?" म्हातारीने विचारलं.

"मला नाही वाटत घेतील."

एकीने टोपी काढली, घडी केली आणि कमरेला खोचली. निघताना मी त्या लेकीला माझा फोन नंबर दिला.

सर्व्हर मी लगेच काढला नाही. ऑफिसला सांगितलं, थोडं काम बाकी आहे. रोज दुपारी दुसरं काम बाजूला सारून रोह्याचं पान उघडायचे. रेघ उठायची, पण कालच्यापेक्षा बुटकी. नंबर गळत गेले. आधी म्हातारीचा, मग बाकीच्यांचे. मग एका दुपारी एकच नंबर आला. मी तो दोनदा वाचला. लेकीचा नव्हता. आईचा होता.

त्यानंतर रोज तेवढाच येत राहिला. लेक स्वतःची हजेरी लावत नव्हती. हे मला नीट समजत होतं, तिचा डावा अंगठा मी पाहिला होता. तरी दुपारी तो नंबर आला की बंद कंपनीच्या गेटात एकटी एक बाई येऊन उभी राहिली आहे, असंच वाटायचं, आणि ती लेकीसारखी दिसत नसायची.

महिन्याभराने लेकीचा फोन आला.

"ताई, मला दुसऱ्या कंपनीत घेतलंय. पाळी अशी हाय की दुपारचं गेटवर यायला जमनार नाय."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमी ते आता काढा. पन आईची गैरहजेरी पडंल ना? तिची कधी पडली नाय. सुट्टी टाकता येते काय?"

सॉफ्टवेअरमध्ये सुट्टी टाकायची सोय होती. मी तिला फोनवर थांबवून आईचा नंबर उघडला. कधीपासून ते टाकलं. कधीपर्यंत, तो रकाना रिकामा सोडला तर पुढे जाईना.

"कधीपर्यंत टाकू?"

पलीकडे बराच वेळ भोंग्यासारखा कसला तरी आवाज येत राहिला, बहुधा तिच्या नव्या कंपनीचा. मग ती म्हणाली, "पावसापर्यंत टाका."

मी टाकली. सुट्टी मंजूर झाल्याची हिरवी पट्टी आली, ती तिला वाचून दाखवली. तिने फोन ठेवल्यावर मी काढून टाकायचं बटण दाबलं. पॅनलने नेहमीप्रमाणे विचारलं, खात्री आहे का, हे परत आणता येणार नाही. मी हो म्हटलं.

ऑफिसातला माणूस संध्याकाळी म्हणाला, "झालं ना एकदाचं?"

"झालं," मी म्हटलं. तिथे कोण येत होतं, हे त्याने विचारलं नाही.