मालयार्डातले नऊ दिवस

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. त्याच्या आदल्या सकाळी सात वाजता मला हुकूम मिळाला. मी क्वार्टरच्या दारात दाढी करत होतो. लष्कराच्या इंजिनिअर्समधून निवृत्त होऊन मी रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन झालो होतो आणि प्रादेशिक सेनेत हवालदार होतो. आमची सगळी कंपनी रेल्वे नोकरांचीच. एरवी कामगार, बोलावणं आलं की जवान. संप झाला तर यार्ड आम्ही चालवायचं, असा हुकूम होता. अकरा वाजता मी वर्दी घालून माझ्याच यार्डात हजर झालो.

यार्ड सांगली जिल्ह्यातलं. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथं रुंद रूळ आले होते. त्याआधी हळदीचं पोतं, गुळाची ढेप, सगळं हमालाच्या पाठीवरून लहान डब्यातून मोठ्या डब्यात जायचं. आता डबा भरला की थेट मुंबई. व्यापारी खूश होते. हमालांचं काम गेलं होतं. संप सुरू झाल्यावर तेही संपवाल्यांबरोबर तारेच्या कुंपणापलीकडे येऊन उभे राहिले.

सकाळी सहापासून शिव्या सुरू व्हायच्या. “गद्दार!” “सरकारचं कुत्रं!” दगडही यायचे. माझ्या बायकोला क्वार्टरच्या नळावर कुणी कळशी लावू देईना. ती अर्धा मैल चालून विहिरीवर जायची. मी माझ्या सेक्शनला बजावलं, “कुंपणाकडे बघायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. कानावर काही घ्यायचं नाही.”

पहिल्या रांगेत धोंडिराम अण्णा उभा असायचा. यार्डातला सगळ्यात जुना शंटर, मूळचा जतकडचा. डबे जोडायला मला त्यानंच शिकवलं होतं. मला तो तुक्या म्हणायचा. आठ दिवस त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. नुसता आमचे हात बघायचा.

नवव्या दिवशी जत तालुक्यासाठी आलेले गव्हाचे पाच डबे मालधक्क्याला न्यायचे होते. तिथून गहू ट्रकनं पुढे जाणार होता. तिकडच्या रेशन दुकानांत दाणा उरला नव्हता. वेळ पंधरा दहा, म्हणजे दुपारचे तीन दहा. मी वायरलेस उचलला.

“कंट्रोल, पाच डबे जोडतोय. ओव्हर.”

“किती वेळ? ओव्हर.”

“दहा मिनिटं. आऊट.”

लान्स नाईक बबन साळुंखे कपलिंगची साखळी लावायला दोन डब्यांच्या मध्ये शिरला. रेल्वेत तो पार्सल क्लार्क. हे काम आठवड्यात शिकलेला. त्याच रुळावर, चढाच्या बाजूला, सिमेंटचे दोन भरलेले डबे सकाळपासून उभे होते. चाकाखाली लाकडी ठोकळे लावायला मी सांगितलं होतं. लावले की नाही, हे मी जाऊन बघितलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णाचा आवाज आला.

“तुक्या! डबं सुटल्यात रं! भाईर काढ त्याला!”

आजूबाजूला पन्नास जण ओरडत होते. शब्द माझ्या कानावर आले, पण मी मान वळवली नाही. बबन डब्यांच्या मधूनच हसला.

“उस्ताद, आज म्हातारा पण सुरू झाला.”

अण्णा तारेवरून आत उडी मारून पळत आला. पहाऱ्यावरच्या संत्रीनं त्याला रायफलच्या दस्त्यानं खाली पाडलं. तेव्हा मी वळलो. भरलेला डबा हळू येतो आणि फारसा आवाज करत नाही. मी बबनचं नाव घेतलं. पुढचं बोलायला वेळ मिळाला नाही. सिमेंटचे डबे गव्हाच्या डब्यांवर आदळले आणि बबन मध्ये चिरडला.

कुंपणापलीकडे एकदम शांतता झाली. काही जणांनी टोप्या काढल्या.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, “वॉर्निंग मिळाली होती?”

“मिळाली होती, सर. मी घेतली नाही. ठोकळेही मी तपासले नाहीत.”

माझ्या बाहीवरची एक फीत गेली, हवालदाराचा नाईक झालो. ती जायलाच हवी होती. आत शिरला म्हणून अण्णाला अटक झाली, आणि संप मिटल्यावरही कित्येक महिने त्याला कामावर घेतलं नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्यानं बस म्हटलं नाही.

“अण्णा, माझं चुकलं.”

“आठ दिस आमी शिव्या घातल्या, तुमी ऐकल्या न्हाईत. ते बराबर हुतं,” तो म्हणाला. “पर माझा आवाज तुला वळकू येऊ नये? धा वर्सं ह्योच आवाज ऐकून तू डबं जोडलंस.”

त्यानं दार लावून घेतलं. पुढे तो कामावर आला, पण माझ्याशी बोलला नाही. निवृत्त होईपर्यंत नाही.

बबन साळुंखे उंब्रजचा. वय सव्वीस. त्याची ट्रंक मीच घरी पोचवली. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं, ठोकळ्यांचंही. ते म्हणाले, “गहू पोचला का वं?”

“दुसऱ्याच दिवशी पोचला.”

त्यांनी मान हलवली. आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

बबन लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. ते इथं लिहितो आहे.