स्लॅबवर काळी माती

सांगलीच्या आमच्या घरावर स्लॅब टाकला, त्याच वर्षी यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट... मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, उन्हाळा निघेल असं वाटत नाही. पाणी दिवसाला तीन पेले, त्यावर थेंब नाही.

हे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे. खाटेवर पडल्या पडल्या यांनी ग्राफपेपर मागवला आणि गच्चीवरच्या बागेचा प्लॅन करायला घेतला. तेव्हा आमच्या गल्लीत गच्ची म्हणजे पापड-कुरडया वाळवायची जागा. तिथं बाग कोण करतं...

यांना जिना चढवत नव्हता. म्हणून मी वर जायची, सुतळीनं मापं घ्यायची आणि सुतळीला गाठी मारून खाली आणायची. गाठी मोजून हे कागदावर रेघ ओढायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण नकाशा वाचायला त्या खाटेशेजारी शिकले. पुढं पुस्तकंही तशीच वाचली, ओळीवर बोट ठेवून.

प्लॅनमध्ये वाफे खालच्या भिंतींच्या बरोबर वर होते, कारण वजन तिथं पेलतं. वाफ्यात भाताचं तूस, विटांचा चुरा आणि शेणखत. एका कोपऱ्यात डाळिंब आणि जिन्यातून वर आल्या आल्या मोगरा. हिरवं झालेलं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच यांना हवं होतं.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते तूस काही पटेना. वाळव्याकडं नदीकाठी आमची उसाची जमीन. "तूस आन विटा? कोंबड्या पाळतुयास का बाग करतुयास? आपल्या मळ्यातली माती घाल की. मनगटायवढी कांडी धरतुया ऊस तिच्यात."

हे हसले. "आबा, स्लॅबला ऊस कळत नाही. वजन कळतं."

त्यानंतर यांना आठ दिवस मिरजेला ठेवावं लागलं. परत आलो, मी वर जाऊन बघते तर प्लॅनप्रमाणे बांधून घेतलेले वाफे काठोकाठ काळ्या मातीनं भरलेले... आबांनी गावाकडून ट्रॅक्टर भरून माती आणली होती आणि पाटी पाटी करून एकट्यानं वर चढवली होती. ती बसावी म्हणून वर पाणीही सोडलं होतं.

"त्याला सांगू नगंस पोरी. उगवल्यावर बघू दे," आबा म्हणाले. त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. मरायला टेकलेल्या लेकाला देण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय...

मला कळत होतं. काळी माती पाणी सोडत नाही, भिजली की आणखी जड होते. पण सुनेनं सासऱ्याला 'चुकलं तुमचं' म्हणायचं नसतं. यांनी विचारलं, तूस भरलं का? मी हो म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी मी भाताचं ताट घेऊन खोलीत गेले. हे आ वासून पडले होते. मला वाटलं, संपलं सगळं... तेवढ्यात वरच्या स्लॅबमधून एक थेंब यांच्या तोंडात पडला. हे मुद्दाम त्याच्याखाली सरकले होते. हनुवटीवर काळा ओघळ आलेला.

"डॉक्टरांना सांगू नकोस," म्हणाले. मग बोटानं हनुवटी पुसली आणि बोटाकडं बघत राहिले. "ही मळ्यातली आहे."

माझ्या मागं दारात आबा उभे होते. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पाटी उचलली. सगळी माती खाली यायला, स्लॅब वाळायला आणि गवंडी मिळून गळती बुजवायला तीन आठवडे गेले. यांच्याकडं जवळजवळ तेवढेच होते.

वाफ्यांत तूस भरून झालं, तेव्हा रोपं आणायची राहिली होती आणि यांना धड बसताही येत नव्हतं. "मला वर न्या," एका दुपारी म्हणाले. आबांनी यांना पाठुंगळीला घेतलं आणि एकेक पायरी चढले. वर भिंतीला टेकवून बसवलं, मी प्लॅन मांडीवर ठेवला. समोर हिरवं असं एक पानही नव्हतं...

"आबा, तुम्ही त्या कोपऱ्यात जा. थोडं डावीकडं. हां... तुम्ही डाळिंब."

आबांना आधी उमगेना. मग उमगलं. "बरं. फळं धरल्यात का न्हाई मला?"

"पहिल्या वर्षी धरू द्यायची नसतात. झाड खचतं."

"ते तू मला शिकवतुयास व्हय रं?"

मला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. आबांसमोर मोगरा म्हणायला यांना संकोच वाटला असावा, नुसतं बोट दाखवलं. मी डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिले. हे एकदा कागद बघायचे, एकदा आम्हाला... मध्येच पेन्सिलीनं एक वाफा वीतभर सरकवलासुद्धा.

पाचव्या दिवशी हे गेले.

बाग पुढं झाली आणि चांगली झाली. मोगऱ्याच्या जागी मात्र मी मिरच्या लावल्या. विधवेच्या घरात गजऱ्याचं काय काम, हे तेव्हा कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. आता वाटतं, लावायला हवा होता.

आबांवरचा माझा राग लवकर गेला नाही, खोटं कशाला सांगू... मी हो म्हणाले, त्याचा माझ्यावरचा राग तर अजूनही आहे. पण त्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर आबा अनवाणी उभे होते आणि यांचं बघून होईपर्यंत त्यांनी एकदाही पाय उचलला नाही. तेवढ्यासाठी आज त्यांना नमस्कार.