तिसरी फ्लॉपी

विशाखाअक्का चिडली की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायची. बिदरजवळच्या कोळारच्या आमच्या कारखान्यातला पहिला कॉम्प्युटर तीच चालवायची. ती संतपूरच्या बौद्ध घरातली, बिदरला शिकलेली. दर शनिवारी सगळा हिशोब तीन फ्लॉप्यांवर उतरवून ठेवावा लागे. दोन नीट भरायच्या, तिसरीवर मशीन अडायचं.

शेवट गोड व्हावा म्हणून तिसरी फ्लॉपी हेडक्लार्क हणमंतराव देवापुढं ठेवून आणायचे, स्वतःच मशीनमध्ये घालायचे आणि अडली की स्वतःच काढून न्यायचे. अक्कानं वायरी तपासल्या, फ्लॉप्यांचा नवा डबा मागवला, काही उपयोग झाला नाही.

"तुझा हात लागला की अडायलंय बग," हणमंतराव सगळ्यांदेखत म्हणायचे. "हाताचा गुण असतोय."

कोणत्या हाताबद्दल बोलायलेत, हे न कळण्याइतकं हापिसात कुणी खुळं नव्हतं.

त्या शनिवारी अक्कानं चष्मा काढला. हणमंतराव पुढं व्हायच्या आत तिनं अडलेली फ्लॉपी ओढून काढली आणि उजेडात धरली. फ्लॉपीच्या भोकातून आतली काळी तबकडी दिसते, बरोबर तिथं कुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

स्पिरिटच्या बोळ्यानं तिनं मशीन आतून पुसलं, डब्यातली कोरी फ्लॉपी घातली. काम सरळ शेवटाला गेलं.

हणमंतराव मूठ आवळून हात पाठीमागं घेऊन उभे होते.

"मूठ उघडा की," अक्का म्हणाली. "मशीन कुणाच्या हातानं बाटलं, ते बघू द्या सगळ्यांना."