सोमवारची चूल

आमच्या घरात सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नाही. त्याला कारण देव नाही, एक पंतप्रधान आहेत. धोतर-टोपीतले, ठेंगणे, जेमतेम दीड वर्ष खुर्चीवर बसलेले. तेवढ्यात त्यांच्या वाट्याला युद्ध आलं आणि धान्याची टंचाईही. त्यांनी देशाला विनवलं, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा.

सोलापुरात ही मोठीच पंचाईत. इथं सोमवार सिद्धेश्वराचा. दिवसभर उपास करायचा आणि संध्याकाळी जेवून सोडायचा. आई तेव्हा नवी नवरी. तिनं कुणाला न विचारता तिढा सोडवला. "देवाला सांगितलं, तुझा सोमवार मी दुपारीच सोडते. तू समजून घेशील, शत्रू घेणार नाही."

पुढं पंतप्रधान तहासाठी परदेशी गेले आणि तिथंच वारले, तेही सोमवारच्याच रात्री. नंतर कोठारं भरली, सरकारं बदलली. आईचा सोमवार तसाच. आम्ही पोरं सोमवारी शेजारी जेवून तोंड पुसत घरात शिरायचो. तिला सगळं कळायचं, पण ती अवाक्षर काढायची नाही. त्यानंच जास्त लाजायला व्हायचं.

आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात सोमवारी रात्री साखर उतरून न्हाणीपाशी कोसळली. डॉक्टर माझ्यावरच भडकले, "रात्री जेवल्या नाहीत तर एखाद्या सकाळी उठणार नाहीत." मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो.

"अगं आई, युद्ध संपून साठ वर्षं झाली!"

"सोडा म्हणून त्यांनी सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "आता पुरे, असं सांगायला ते परत आलेच कुठं?"

दोन दिवस धुमसलो. मग सुचलं, व्रत मोडत नसतात, त्याचं उद्यापन करतात. आईला तसं म्हणालो. ती म्हणाली, "उद्यापनाला जोडपं जेवायला घालावं लागतं. कुणाला बोलावशील?"

आमच्या कॉलनीचा वॉचमन फौजेतून निवृत्त झालेला, आणि सुट्टी मिळाली की करमाळ्याकडं जाऊन स्वतःची ज्वारी बघणारा. जवान आणि किसान एकाच पाटावर! आई खूश झाली.

सोमवारी संध्याकाळी आमचा गॅस पेटला. आईनं स्वतः भाकऱ्या थापल्या, हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, केली. वॉचमन आणि त्याची बायको पोटभर जेवले. आई मात्र हातात पळी घेऊन उभीच. तिचं ताट रिकामं.

वॉचमनला मी सगळी हकिकत आधीच सांगितली होती. तो हात धुऊन आला आणि तिच्यासमोर ताठ उभा राहिला.

"आजी, लढाई संपली. देशात धान्य लई हाय. तुमी जेवा आता."

"नक्की?"

"व्हय की."

आई पाटावर बसली. घास हातात धरला आणि ढसाढसा रडू लागली. "ते गेले त्या रात्री मीही उपाशीच होते रे."

मग तिनं घास खाल्ला, डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय उभा राहिलास? भाकरी वाढ की."