संपर्कात कोण कोण आलं?

आरोग्य केंद्राच्या खिडकीत बसलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी असते. मी अमरावतीच्या एका विद्यापीठात गोळ्या देतो, त्यामुळे माझ्याकडे स्टॉक भरपूर.

यंदा होस्टेलमध्ये कांजण्या आल्या, त्याही परीक्षेच्या तोंडावर. आणखी पसरल्या तर होस्टेल रिकामं करणार, असं वरून सांगण्यात आलं. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या, शिस्तीच्या. त्यांनी एक फॉर्म काढला. आजारी पोराच्या संपर्कात जे जे आले, त्यांची नावं लिहायची, आणि नाव आलं की आठवडाभर वर्गात बंदी. फॉर्म भरून घेण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

*

पहिला पेशंट तिवस्याचा. त्याच्या यादीत सगळ्यात वर गणिताच्या सरांचं नाव!

"सर तुह्या एवढ्या जवळ कायले आले होते?"

"कॉपी पकडाले, भाऊ. दोनदा."

*

मग विद्यापीठाने 'गर्दी टाळा' या विषयावर सभा घेतली. हजेरी सक्तीची होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडम दारातूनच परत फिरल्या.

"भाऊ, फॉर्म आणखी छापून घ्या."

*

बाळापूरच्या एका पोराने मित्रांची भली मोठी यादी दिली. त्यात मुलगी एकही नव्हती. पुढे मुलींच्या होस्टेलमधली एक जण पुरळ घेऊन आली. तिच्या यादीत मुलगा एकही नव्हता. मी दोघांना विचारलं. दोघांचं उत्तर एकच, "आमची ओळखच नाही."

मॅडमनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. अक्षर एकच होतं!

*

शेवटची आली धारणीची, पहिल्या वर्षाची. तिने फॉर्म कोराच परत दिला. मला राग आला. कोरा फॉर्म मॅडम घेत नाहीत, बोलणी मात्र मी खातो.

"कोनाले वाचवून राहिली? रूममेटचं नाव लिही."

"ते दुसऱ्या खोलीत गेली, भाऊ. दिवाळीपासून."

"मेसमंदी कोन बसते संगं?"

"एकटीच बसते मी."

"वर्गात?"

"शेवटच्या बेंचावर. तिथं कोनी नसते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाच कसंतरी झालं. "अवं, कोनी तरी बोललं असंन ना तुह्यासंगं, या आठ दिवसांत?"

तिने बराच विचार केला. "तुमी बोलले होते. सोमवारी, तापाची गोळी देतानी. जेवली का म्हनून इचारलं होतं."

तिने फॉर्म पुन्हा आपल्याकडे ओढला, पेन उघडला आणि पहिल्या ओळीवर टेकवून थांबली.

"भाऊ, तुमचं नाव काय हाय?"