आखूड नळीची बंदूक आणि माझं नवंकोरं धोतर

परवा कारंज्याला गेलो आणि भर दुपारी स्वतःचं नवंकोरं धोतर जमिनीवर अंथरून त्यावरून बंदूक झाडली. हसा खुशाल… पण मी तिथे गेलो होतो तो रडकुंडीला येऊन.

आमच्या धनजच्या शिवारात परवान्याची बंदूक एकच, ती माझी. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायची. पावसाळ्यात तिच्या तोंडाला तडा गेला, तेव्हा कारंज्याच्या बंदूकवाल्या रहीमचाचांनी वीतभर नळी कापून दिली. कापताना चाचा दारूबद्दल काहीतरी समजावत होते, पण मी उठून चालू लागलो. मला कोण बंदूक भरायला शिकवणार!

तेव्हापासून तिचा मार बसेना. नळी आखूड झाली म्हणून जोर कमी झाला, तर दारू वाढवू… एवढी माझी अक्कल. एका मापाची दोन केली, दोनाची तीन. आवाज असा की बैल दाव्याला हिसके द्यायचे, आणि तोंडातून हातभर जाळ. मी खूश! बायको म्हणाली, "डुक्कर राहू द्या, तुमी गावालेच भेव दाखवून राह्यले." तरी मी आपला ठासतोच आहे.

पंधरा दिवसांपूर्वी एका रानडुकरावर असाच बार काढला. गोळी लागली, पण वरवर. मागच्या पुठ्ठ्यातून रक्त गाळत ते तुरीत शिरलं. जखमी जनावर असं सोडायचं नसतं, हे मला चांगलं कळतं… पण घाबरलो, माग काढला नाही. आणि गावात सांगितलं, नेम चुकला.

चौथ्या दिवशी त्याच डुकराने गवताला गेलेल्या कोंडाबाईची पोटरी फाडली. कोंडाबाई म्हणजे आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायांची पुढारी. ती पडली तशा सगळ्या बाया म्हणाल्या, ते डुक्कर मेल्याशिवाय वावरात पाय ठेवणार नाही. चूक काय त्यांची?

बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला, तरी सीतादही होईना. वेचणीच्या पहिल्या दिवशी पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच आम्ही कापसाला हात लावतो. कापसाचं काय व्हायचं ते होवो… पण कोंडाबाईच्या घरावरून जायची मला हिंमत होत नव्हती. लांबच्या वाटेने जायचो.

त्यात दूरदेशी चाललेल्या लढाईमुळे बंदुकीचा बार पेटवणाऱ्या टोप्या मिळेनाशा झाल्यात. माझ्याजवळ दोनच उरल्या होत्या, म्हणजे दोनच बार. त्या घेऊन चाचांकडे गेलो आणि म्हटलं, यापेक्षा जाड, जोरदार दारू द्या.

चाचांनी माझी दारू तळहातावर घेतली. ज्वारीच्या कणीएवढे दाणे. मग माझ्या पिशवीतलं, नुकतंच बाजारातून घेतलेलं धोतर मागितलं आणि दुकानामागच्या नाल्यात, मातीच्या दरडीसमोर अंथरलं. "झाडा आता याच्यावरून," म्हणाले. दोनातली एक टोपी खर्ची पडणार म्हणून माझा जीव नुसता चरफडला…

धूर निवळला आणि बघतो तर पांढऱ्याशुभ्र धोतरावर काळे दाणेच दाणे. अख्खे, न जळलेले!

"पाह्यलं का, पाटील? नळी झाली आखूड. ह्या जाड दारूले जळाले टाइम लागते, तवरोक गोळी निंघून जाते. अर्धी दारू तं तुमी बाहेरच फेकून राह्यले."

मग त्यांनी खसखशीसारखी बारीक दारू दिली, आणि ती घालायला माझ्या मापाहून लहान माप. "हे झटकन पेटते. पन एका मापाच्या वर टाकू नोका. नळी फुटन, अन् संगं तुमचं थोबाडबी."

काल सकाळी मचाणावर बसून बंदूक भरली. तळाशी एवढीशी दारू बघून हात थांबला… एकच टोपी, आणखी थोडी टाकू का? जुनी खोड हो! पण धोतरावरचे ते दाणे डोळ्यांपुढे आले आणि मी दारूच्या शिंगाचं तोंड बंद केलं.

ऊन चढल्यावर ते डुक्कर लंगडत आमच्या शिवारातल्या नाल्याच्या पाण्यावर आलं. चाप ओढला तर जाळ नाही, दणका नाही… वाटलं, फुसका गेला बार. धूर विरला तेव्हा डुक्कर जागच्या जागी आडवं झालेलं होतं. मी तिथेच बसून राहिलो आणि खरं सांगतो, रडलो.

तिथून थेट कोंडाबाईचं दार. डुक्कर मेलं एवढं सांगून परत फिरता आलं असतं… पण सगळंच सांगितलं. नेम चुकला नव्हता, जखमी करून मीच सोडलं, भिऊन.

ती पायाला हळदीचा लेप लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मले ठाऊक हाये, भाऊ. अंगावर आलं तवाच त्याचं रगत पाह्यलं मी. तुमी कधी सांगता, त्याचीच वाट पाहून राह्यली होती."

इतके दिवस हिने गावात एका शब्दाने माझी अब्रू काढली नव्हती.

आज सीतादही झाली. कोंडाबाई काठी टेकत आली, मागून सगळ्या बाया. नैवेद्य झाला, पहिलं बोंड तिनेच वेचलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभे काहून, पाटील? पाय माहा फाटला हाये, एक मानूस कमी पडते. बांधा वटी."

बांधली कापसाची झोळी कमरेला! दिवसभर तिने सांगितलेल्या ओळीत, तिच्या जागेवर कापूस वेचला. बोटं सोलली, कंबर धरली, बाया खुदुखुदु हसत होत्या… आणि मला कितीतरी दिवसांनी पोटभर भूक लागली.